टर्मिनल सजवलं आणि घरातल्या संगणकांचं सिंक बंद पडलं

पायवाट (धागालेखक)

नमस्कार. प्रश्न तीन आहेत आणि ते वेगवेगळ्या विषयांचे वाटतील, पण सगळे एकाच दिवशी सुरू झाले म्हणून एकाच धाग्यात मांडतोय.

घरात तीन संगणक आहेत आणि तिन्हींवर लिनक्स आहे. टेबलावरच्या मोठ्या संगणकाचं नाव मी ‘मेज’ ठेवलंय, लॅपटॉपचं ‘पिशवी’ आणि कोपऱ्यात दिवसरात्र चालू असलेल्या जुन्या संगणकाचं ‘कोठार’. रोज रात्री मेजवरचं लेखन आणि फोटो आरसिंकनं (बदललेल्या फाइली एका यंत्रावरून दुसऱ्यावर नेणारी आज्ञा) कोठारात जातात. लॅपटॉपवर काम करायचं असेल तेव्हा तिथून उचलतो. दोन वर्षं हे बिनबोभाट चाललं होतं.

रविवारी निवांत बसून टर्मिनल, म्हणजे आज्ञा टाइप करायची खिडकी, मनासारखं करून घेतलं. प्रॉम्प्ट (आज्ञेच्या आधी दिसणारा छोटा मजकूर) रंगीत केला, फाइलींच्या याद्यांना रंग दिले आणि शेल (आज्ञा वाचून चालवणारा प्रोग्राम, माझ्याकडे बॅश) उघडलं की हिरव्या अक्षरांत यंत्राचं नाव व डिस्कवर उरलेली जागा दिसेल असा एक छोटा मजकूर बॅशआरसीच्या (बॅश सुरू होताना वाचतं ती सेटिंगची फाइल) अगदी वरच्या ओळीत टाकला. तीच बॅशआरसी तिन्ही यंत्रांवर नेऊन ठेवली. सोमवारी सकाळी लॉग पाहिला तर आरसिंक पहिल्याच पायरीवर थांबलेलं. निरोप असा: ‘प्रोटोकॉल व्हर्जन मिसमॅच, इज युवर शेल क्लीन?’ आणि परतीचा कोड २.

दोन्हीकडे आरसिंकची आवृत्ती एकच आहे, पुन्हा इन्स्टॉलही करून पाहिलं. हातानं एसएसएच (दुसऱ्या यंत्रावर दुरून शिरायची सोय) केलं तर कोठारात व्यवस्थित शिरता येतं, किल्ली चालते. मग शेल ‘स्वच्छ’ नाही म्हणजे काय?

दुसरा प्रश्न: प्रॉम्प्ट रंगीत केल्यापासून लांब आज्ञा टाइप केली की ती खालच्या ओळीवर न जाता त्याच ओळीच्या सुरुवातीला येऊन आधीच्या अक्षरांवर लिहिली जाते. वरचा बाण दाबून जुनी आज्ञा आणली तर तिची दोनचार अक्षरं पडद्यावर अडकून राहतात.

तिसरा: अशा सेटिंगच्या फाइली तिन्ही यंत्रांवर सारख्या ठेवायची बरी पद्धत कोणती?

---

रात्रपाळी

तुमचा पहिला प्रश्न तुमच्याच तिसऱ्या परिच्छेदात सुटलेला आहे. तो हिरवा मजकूर.

तुम्ही मेजवरून आरसिंक चालवता तेव्हा ते एसएसएचनं कोठारावर जातं आणि तिथे आरसिंकची दुसरी प्रत सुरू करतं. मग दोघं एकमेकांशी त्याच वाटेनं बोलतात ज्या वाटेनं एरवी तुमच्या पडद्यावर अक्षरं येतात. वेगळी वाट नाही. कोठारावरच्या बॅशनं आरसिंक सुरू करण्याआधी बॅशआरसी वाचली, त्यात ‘हे छापा’ असं लिहिलेलं होतं, त्यानं ते इमानदारीनं छापलं. आरसिंक आवृत्तीच्या आकड्याची वाट पाहत होतं, त्याच्या हातात तुमचा स्वागताचा मजकूर पडला.

खात्री करायची रीत आरसिंकच्या मॅन्युअलमध्येच दिली आहे. मेजवरून एसएसएचनं कोठारावर ‘ट्रू’ ही आज्ञा चालवा, ती काहीच करत नाही आणि काहीच छापत नाही. तिचं आउटपुट एका फाइलीत वळवा. ती फाइल शून्य बाइटची निघाली पाहिजे. एक बाइट जरी जास्त असला तरी तो तुमच्या शेलनं घातलेला आहे.

उपाय: बॅशआरसीच्या डोक्यावर अशी तपासणी हवी की समोर माणूस बसलेला नसेल तर इथूनच परत फिर. ‘डॉलर-वजा’ या चलात शेलच्या चालू पर्यायांची अक्षरं असतात, त्यात ‘आय’ असेल तर शेल इंटरॅक्टिव्ह. डेबियन आणि उबंटूच्या मूळ बॅशआरसीत ही तपासणी सुरुवातीलाच असते. तुम्ही तुमचा मजकूर तिच्या वर टाकलाय असं दिसतंय. तिच्या खाली न्या.

---

पायवाट

तंतोतंत. फाइल शून्य नव्हती, पूर्ण स्वागत त्यात उतरलं होतं. ओळी खाली नेल्या आणि सिंक लगेच सुरू झालं. दीड दिवस मी किल्ल्या आणि परवानग्या तपासत होतो, शेलकडे लक्षच गेलं नाही. खूप खूप आभार.

---

मोजपट्टी

रात्रपाळींचं बरोबर आहे, पण आत नेमकं काय घडलं ते बाइटच्या पातळीवर पाहण्यासारखं आहे, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

जोडणी झाल्यावर आरसिंकच्या दोन्ही प्रती आधी आपापला प्रोटोकॉल क्रमांक पाठवतात, चार बाइटांत, लहान टोक आधी, म्हणजे सगळ्यात कमी किमतीचा बाइट आधी. आजकालच्या आवृत्त्यांत तो ३१ किंवा ३२ असतो. तुमचा मजकूर हिरवा होता, म्हणजे त्याची सुरुवात रंगाच्या संकेतानं झाली: एस्केप, चौकोनी कंस, तीन, दोन आणि मग ‘एम’. त्यातले पहिले चार बाइट म्हणजे २७, ९१, ५१ आणि ५०. मेजवरच्या आरसिंकनं हेच चार उचलले आणि आकडा म्हणून वाचले. गणित केलं तर कोठारानं सांगितलेली आवृत्ती निघते ८४ कोटी २२ लाख २६ हजार ४५९. इतक्या मोठ्या आवृत्तीशी बोलणार कोण? म्हणून त्यानं विचारलं, शेल स्वच्छ आहे ना?

हा निरोप अनेकांना कोड्यात टाकतो, मला मात्र तो लिहिणाऱ्यांबद्दल आदर वाटतो. आरसिंक अँड्र्यू ट्रिजेल आणि पॉल मॅकेरस यांनी १९९६ साली प्रसिद्ध केलं. आकडा चुकीचा आला तर नुसतं ‘चूक’ न म्हणता, तो बहुधा कशामुळे चुकला असेल याचा अंदाज बांधून त्यांनी प्रश्न छापला, आणि तो अंदाज इतक्या वर्षांनी तुमच्या घरातही खरा ठरला.

आणखी एक, बॅश न वापरणाऱ्यांसाठी. झेडशेलची झेडशेलआरसी फक्त इंटरॅक्टिव्ह शेलमध्ये वाचली जाते, त्यामुळे तिथे छापलेलं चालतं. पण झेडशेलएन्व्ह ही फाइल प्रत्येक वेळी वाचली जाते, तिच्यात एक अक्षरही छापू नये. फिशची कॉन्फिग फाइलही नेहमीच वाचली जाते, तिथे ‘स्टेटस इज-इंटरॅक्टिव्ह’ अशी अट घालावी लागते.

---

निळी शाई

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मी देते, कारण यात मी स्वतः आठवडाभर अडकले होते.

आज्ञा किती लांब झाली आणि ओळ कुठे मोडायची याचा हिशोब बॅश स्वतः करतं. त्यासाठी प्रॉम्प्टनं पडद्यावर किती रकाने अडवलेत हे त्याला माहीत हवं. रंगाचा संकेत पडद्यावर शून्य जागा घेतो, पण बॅश ती चारपाच अक्षरं मोजून बसतं. म्हणजे रंग सुरू करणारे पाच आणि रंग संपवणारे चार असे नऊ रकाने प्रत्यक्षात नसताना हिशोबात आले, आणि सगळी ओळ तेवढी सरकली.

म्हणून पीएस१ मध्ये (प्रॉम्प्ट ठरवणारं चल) प्रत्येक रंगसंकेताच्या आधी बॅकस्लॅश आणि उघडता चौकोनी कंस, नंतर बॅकस्लॅश आणि बंद होणारा चौकोनी कंस घालायचा. ‘या दोन खुणांमधलं मोजू नकोस’ असा त्याचा अर्थ. प्रत्येक संकेताला, शेवटच्या रंग पुसणाऱ्या शून्यालासुद्धा. बहुतेकांचा तोच राहतो. झेडशेलमध्ये टक्क्याचं चिन्ह, मोठा ‘एफ’ आणि महिरपी कंसात रंगाचं नाव असं लिहिलं की हा हिशोब ते आपणच सांभाळतं.

हे संकेत तसे जुने आहेत. १९७८ मध्ये आलेल्या व्हीटी१०० या टर्मिनलनं ते रुळवले. पण त्या यंत्रावर रंग नव्हते, ठळक, अधोरेखित, उलटं असे प्रकार होते. नंतरच्या टर्मिनलांनी त्याच साच्यात ३० ते ३७ असे आठ रंग चालवले, मग २५६ आले, आता तर लाल-हिरवा-निळा असे तीन आकडे देऊन हवा तो रंग मिळतो. माझं प्रामाणिक मत विचाराल तर मूळ आठांच्या बाहेर जाऊ नका. ते आठ रंग टर्मिनलच्या थीमप्रमाणे बदलतात, म्हणजे पांढऱ्या पार्श्वभूमीवरही वाचता येतात. तिहेरी आकड्यांनी दिलेला फिकट पिवळा पांढऱ्यावर दिसेनासा होतो.

---

ओसरी

+१. पीएस१ मधल्या त्या खुणा लावल्यावर माझंही वर्षभराचं दुखणं गेलं. मला वाटायचं टर्मिनलच खराब आहे.

---

जुना कळफलक

याच जातीची माझी एक गोष्ट. कुणाला उपयोग होईल म्हणून लिहितो.

मी रोज सगळं न पाठवता, ठरावीक शब्द असलेल्या फाइलींची यादी ग्रेपनं काढून ती यादी आरसिंकला देत असे. एक दिवस यादीतली एकही फाइल सापडेना. आरसिंक प्रत्येक नावापुढे ‘अशी फाइल नाही’ म्हणत होतं. यादी उघडून पाहिली तर नावं अचूक. ती नावं हातानं टाइप केली तर फाइली जागच्या जागी.

शेवटी ‘कॅट’ला मोठा ‘ए’ पर्याय देऊन यादी छापली, तेव्हा अदृश्य अक्षरं दिसली. प्रत्येक नावाच्या आधी टोपीचं चिन्ह आणि चौकोनी कंस, नंतरही तेच. काही दिवसांपूर्वी मी स्क्रिप्टमध्ये ग्रेपचा रंग ‘ऑलवेज’ केला होता. पडद्यावर टर्मिनल ते संकेत गिळून जांभळा रंग दाखवत होतं, फाइलीत मात्र ते नावाचाच भाग झाले होते.

तेव्हापासून माझ्याकडे सगळीकडे ‘ऑटो’. ऑटो असलं की आज्ञा आधी पाहते, आउटपुट टर्मिनलकडे चाललंय की पाइपमध्ये वा फाइलीत. टर्मिनल असेल तरच रंग. स्वतःच्या स्क्रिप्टमध्येही हे एका ओळीत तपासता येतं: ‘टेस्ट’ आज्ञेचा ‘टी’ पर्याय आणि १ हा आकडा. रंगीत मजकूर ‘लेस’मध्ये पानापानानं वाचायचा असेल तर त्याला मोठा ‘आर’ पर्याय द्या, म्हणजे संकेतांचा कचरा न दिसता रंग दिसतात. आणि ‘नो कलर’ नावाचं पर्यावरण चल भरून ठेवलं तर बरीच नवी साधनं रंग सोडून देतात. क्रॉनच्या (ठरल्या वेळी आपोआप चालणाऱ्या) कामांत मी ते नेहमी घालतो.

---

रात्रपाळी

वर निळी शाई यांनी रंग मोजके ठेवा असं म्हटलंय, त्याला जोडून. रंगानं काहीतरी सांगितलं पाहिजे. माझ्या दृष्टीनं घरात एकाहून जास्त संगणक असतील तर प्रॉम्प्टनं सांगायची पहिली गोष्ट एकच: आपण आत्ता कोणत्या यंत्रावर आहोत.

तीन वर्षांपूर्वी माझ्या टर्मिनलच्या सगळ्या खिडक्या सारख्याच दिसायच्या. एका खिडकीत लॅपटॉप, दुसरीत एसएसएचनं साठवणीचा संगणक. मला लॅपटॉपवरचं ताजं लेखन साठवणीत पाठवायचं होतं. मी खिडकी चुकलो. साठवणीच्या संगणकावर बसून, तिथली जुनी प्रत लॅपटॉपकडे पाठवली, तीही ‘डिलीट’ पर्यायासकट. आरसिंकनं सांगितलं ते केलं: लॅपटॉपवर जे होतं पण जुन्या प्रतीत नव्हतं ते सगळं काढून टाकलं. चार दिवसांचं काम होतं. दुसरी प्रत कुठेच नव्हती, कारण तीच तर मी करायला बसलो होतो.

आता साठवणीच्या यंत्रावर प्रॉम्प्टमधलं नाव लाल पट्टीवर पांढऱ्या अक्षरांत येतं. लॅपटॉपचं साधं हिरवं. एसएसएचनं आलो असेन तर पुढे एक बाण येतो (‘एसएसएच कनेक्शन’ हे चल भरलेलं आहे का ते पाहायचं). आणि मागची आज्ञा फसली असेल तर तिचा परतीचा कोड. बास, एवढंच. घड्याळ, बॅटरी, गिटची (फाइलींच्या आवृत्त्या जपणारं साधन) शाखा, सगळं काढून टाकलं. लाल पट्टी रोज दिसायला लागल्यापासून ‘डिलीट’ टाइप करताना हात आपोआप थांबतो.

---

पायवाट

वाचून पोटात गोळा आला, कारण माझ्या रात्रीच्या कामात ‘डिलीट’ आहे आणि ते काय पुसतं हे मी कधीच पाहिलेलं नाही. ‘ड्राय-रन’ (काहीही न बदलता काय झालं असतं ते दाखवणारा पर्याय) ऐकून माहीत आहे, पण शेकडो ओळी येतात, वाचायच्या कशा?

---

मोजपट्टी

ड्राय-रनच्या जोडीला ‘आयटमाइझ चेंजेस’ लावा, म्हणजे छोटा ‘आय’. मग प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला अकरा खुणांचा एक पट्टा येतो. तो वाचायला शिकलात की शेकडो ओळी मिनिटात चाळून होतात.

पहिली खूण दिशा सांगते. डावीकडे टोक असलेला बाण म्हणजे फाइल पलीकडच्या यंत्राकडे चालली, उजवीकडे टोक म्हणजे इकडे येतेय. दुसरी खूण प्रकाराची: ‘एफ’ फाइल, ‘डी’ फोल्डर, मोठा ‘एल’ दुवा. पुढच्या नऊ जागा काय बदललं त्याच्या. ‘एस’ म्हणजे आकार वेगळा, ‘टी’ म्हणजे वेळ वेगळी, ‘पी’ म्हणजे परवानग्या. टिंब असेल तिथे बदल नाही. नऊच्या नऊ जागी अधिकचं चिन्ह असेल तर फाइल नवी. आणि पुसल्या जाणाऱ्या वस्तूची ओळ तारांकनानं सुरू होते, पुढे ‘डिलीटिंग’ असा शब्द.

आता यातून काय कळतं ते पाहा. आरसिंक मुळात फाइल उघडून बघतच नाही. आकार आणि शेवटच्या बदलाची वेळ जुळली की फाइल तीच असं मानून पुढे जातं. त्यामुळे काहीही न बदलता हजारो ओळींत फक्त ‘टी’ दिसायला लागला, तर समजायचं की आधी कुणीतरी वेळ न जपता साध्या कॉपीनं फाइली नेल्या आहेत. किंवा पलीकडे फॅट प्रकारची पेनड्राइव्ह आहे. फॅटमध्ये वेळ दोन सेकंदांच्या टप्प्यानंच नोंदली जाते, म्हणून ‘मॉडिफाय-विंडो’ १ द्यावा लागतो.

रंग इथे खरे कामाला येतात. मी या आउटपुटला ऑकच्या (मजकुरावर ओळीओळीनं काम करणारी भाषा) चार ओळींतून काढतो: तारांकनाची ओळ लाल, नऊ अधिकची हिरवी, फक्त ‘टी’वाली फिकट करड्या रंगात, बाकीच्या जशाच्या तशा. आणि शेवटी लाल ओळी किती, हिरव्या किती याची मोजणी. रोज रात्री हिरव्या दहाबारा आणि लाल एखाददुसरी असेल, आणि एके दिवशी लाल ३,००० निघाल्या, तर वाचायचीही गरज नाही, नुसता पडदा बघून कळतं.

---

जुना कळफलक

लाल ३,००० कधी निघतात ते मी सांगतो. मूळ फोल्डर वेगळ्या डिस्कवर असतं आणि त्या दिवशी ती डिस्क माउंट झालेली, म्हणजे त्या फोल्डरला जोडलेली, नसते. फोल्डर जागेवर आहे, पण रिकामं. आरसिंकला वाटतं तुम्ही सगळं पुसलंत, मग तेही पुसतं.

वाचताना चूक आली तर आरसिंक पुसण्याचं काम आपणहून सोडून देतं, ही चांगली सोय आहे. पण रिकामं फोल्डर ही चूक नाही, ते बिनतक्रार वाचलं जातं. म्हणून दोन गोष्टी करा. मूळ डिस्कवर एक खुणेची फाइल ठेवा आणि ती दिसली तरच स्क्रिप्ट पुढे जाऊ द्या. शिवाय ‘मॅक्स-डिलीट’ ५० किंवा १०० वर बांधून टाका. मर्यादा ओलांडली की पुढचं पुसणं थांबतं आणि परतीचा कोड २५ येतो.

---

ओसरी

मी जरा वेगळं सुचवते. आमच्या घरात टर्मिनल फक्त मीच उघडते, बाकीच्यांना फोल्डर माहीत आहे आणि ते ‘आपोआप झालं पाहिजे’. अशा घरात सिंकथिंग फार चांगलं चालतं. फुकट आहे, मुक्त आहे, मधे कुणाचा सर्व्हर लागत नाही, फाइली यंत्रातून थेट यंत्रात जातात. ब्राउझरमध्ये ८३८४ या पोर्टवर त्याचं पान उघडतं, तिथे यंत्रांची ओळख करून द्यायची आणि फोल्डर वाटायचं. दोन यंत्रं एकाच वेळी चालू असली पाहिजेत एवढी अट, पण कोठारासारखं एक सतत जागं यंत्र असेल तर तीही अडचण राहत नाही.

दोघांनी एकच फाइल आपापल्या यंत्रावर बदलली तर जुन्या वेळेची प्रत ‘सिंक-कॉन्फ्लिक्ट’ हा शब्द, तारीख आणि वेळ जोडून बाजूला ठेवली जाते. पुसली जात नाही. महिन्यातून एकदा या नावाच्या फाइली शोधायच्या आणि निस्तरायच्या.

---

रात्रपाळी

ओसरी, सिंकथिंगला माझा विरोध नाही, पण एक गोष्ट ठासून सांगायला हवी. दोन्ही दिशांनी चालणारं सिंक तुमची चूकही तितक्याच तत्परतेनं पोचवतं. एका यंत्रावर पुसलेलं थोड्या वेळात तिन्हींवर पुसलं जातं. त्याला बॅकअप म्हणू नये.

---

ओसरी

मान्य, आणि मी म्हणतही नाही. त्यातली आवृत्त्या जपण्याची सोय मुळात बंद असते, ती कोठारावर चालू करायची. मात्र ती फक्त दुसऱ्या यंत्राकडून आलेल्या बदलांना लागू होते. कोठारावर बसूनच एखादी फाइल बिघडवली तर तिथे जुनी प्रत मिळणार नाही. म्हणून कोठारावर कुणी काम करायचं नाही, ते फक्त साठवण्यासाठी, हा आमच्याकडचा नियम आहे.

---

मोजपट्टी

दोन्ही एकत्र करता येतात. रोजच्या वापराला सिंकथिंग, आणि कोठारावर रात्री आरसिंकचा ‘लिंक-डेस्ट’. त्यात रोजच्या तारखेचं फोल्डर तयार होतं. कालपासून न बदललेल्या फाइली हार्ड लिंक म्हणून येतात, म्हणजे प्रत्येक तारखेचं फोल्डर पूर्ण दिसतं पण डिस्कवर जागा फक्त बदललेल्या फाइलींचीच लागते. फक्त त्या जुन्या फोल्डरांत जाऊन फाइल संपादित करू नका, कारण अनेक तारखांमागे प्रत एकच असते.

दोन्ही दिशांनी सिंक करणारं युनिसनही आहे, दोन यंत्रांत तेही उत्तम चालतं आणि पुसण्याआधी विचारतं. माझा त्याचा वापर कमी आहे.

---

निळी शाई

आता आपल्या भाषेपुरती एक अडचण. फाइलींची नावं देवनागरीत देणाऱ्यांनी हे नीट वाचावं.

माझ्याकडे ‘दुसऱ्या’ हा शब्द असलेल्या फाइलींच्या जोड्या तयार व्हायला लागल्या. एकाच फोल्डरमध्ये, अक्षरशः सारख्या नावाच्या दोन फाइली! कारण तो ‘ऱ्या’. एक कळफलक त्यात नुक्ता असलेला ‘ऱ’ घालतो आणि हलन्त देतो. दुसरा साधा ‘र’, हलन्त आणि त्यानंतर न दिसणारा शून्य-रुंदीचा जोडक घालतो, म्हणजे ‘दुसर्‍या’. पडद्यावर दोन्ही सारखेच. संगणकाला दोन वेगळी नावं. तिसरा प्रकार जुन्या मॅककडून येतो: तिथली एचएफएस प्लस ही फाइलप्रणाली ‘ऱ’ फोडून ‘र’ आणि सुटा नुक्ता असे दोन भाग करून साठवत असे. त्या तिसऱ्या प्रकारावर आरसिंकच्या ‘आयकॉन्व्ह’ पर्यायात उपाय आहे, पण तो ३.० आवृत्तीपासून आला आणि मॅकबरोबर अनेक वर्षं २.६.९ हीच आवृत्ती येत होती. पहिल्या दोनांवर उपाय एकच, सगळीकडे एकच कळफलक वापरणं.

लांबीचंही तसंच. लिनक्सच्या एक्स्ट४ मध्ये फाइलीचं नाव २५५ बाइटांपर्यंत चालतं आणि देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये (अक्षरं बाइटांत साठवायची रीत) तीन बाइट घेतं. म्हणजे ८५ चिन्हं, आणि त्यात वेलांटी, हलन्त सगळे सुटे मोजायचे. ‘क्षत्रिय’ हा तीन अक्षरी शब्द आठ चिन्हांचा, २४ बाइटांचा होतो. विंडोजच्या एनटीएफएसवर ही मोजणी वेगळी असल्यानं तिथे लांब नाव सहज मावतं आणि लिनक्सवर आणताना अडतं.

---

पायवाट

हे वाचून एक कोडं सुटलं. माझ्या रात्रीच्या लॉगमध्ये मराठी नावांच्या जागी उलट्या तिरप्या रेघा आणि ३४०, २४४ असे आकडे असतात. नावं बिघडली की काय या भीतीनं मी मागे काही फाइलींची नावं रोमनमध्ये बदलली होती.

---

निळी शाई

नावं शाबूत आहेत. क्रॉनमध्ये तुमचं लोकेल (भाषा आणि लिपीची सेटिंग) पोचत नाही, म्हणून आरसिंक ते बाइट छापण्याजोगे नाहीत असं समजून त्यांचे अष्टमान आकडे लिहितं. स्क्रिप्टच्या सुरुवातीला यूटीएफ-८ चं लोकेल द्या, किंवा आरसिंकला ‘८-बिट-आउटपुट’ हा पर्याय द्या. गिटही असंच करतं, तिथे ‘कोअर.कोटपाथ’ बंद केलं की मराठी नावं मराठीत दिसतात. तुमच्या फाइलींची नावं परत मराठीत करा!

---

रात्रपाळी

तिसरा प्रश्न तसाच राहिला. सेटिंगच्या फाइली गिटमध्ये ठेवा, सिंकमध्ये नको. बॅशच्या इतिहासाची फाइल तर मुळीच नको, ती तिन्ही यंत्रं सतत लिहीत असतात. सगळीकडे सारखं असेल ते एका बॅशआरसीत, आणि तिच्या शेवटी ‘लोकल नावाची फाइल असेल तर तीही वाच’ अशी एक ओळ. यंत्राचा रंग त्या लोकल फाइलीत, ती गिटमध्ये जात नाही. काही बदललं की शून्य बाइटची ती चाचणी पुन्हा करा.

---

पायवाट

सगळं केलं. कोठारावर लाल पट्टी आली, मेज हिरवं, पिशवी निळी. तिन्हींवर चाचणीची फाइल शून्य बाइटची. मॅक्स-डिलीट ५० वर, मूळ डिस्कवर खुणेची फाइल. लॉगमध्ये मराठी नावं मराठीत येतात.

काल रात्री आपोआप चालू न देता पहिल्यांदा स्वतः बसून ड्राय-रन केलं, मोजपट्टींच्या सांगण्याप्रमाणे रंग लावून. हिरव्या ओळी १४, लाल दोन. दोन्ही लाल ओळींत एकच नाव दिसत होतं, ‘दुसऱ्या भागाची टिपणं’. कोठारावर दोन प्रती होत्या, एक जोडकाची आणि एक मॅकवरून कधीतरी आलेली. मेजवर मी ती फाइल मागेच रोमन नावानं बदलली होती, त्यामुळे सिंक झालं असतं तर मराठी नावाच्या दोन्ही प्रती गेल्या असत्या. उघडून पाहिल्या. मॅकवरून आलेल्या प्रतीत शेवटची दोन पानं होती जी बाकी कुठेच नाहीत. ती मेजवर आणली, मराठी नाव दिलं, पुन्हा ड्राय-रन केलं, ओळी वाचल्या आणि मगच एंटर दाबलं.